माझी लेक जनावरांची डॉक्टर होतेय, तिच्यासाठी गावाने एवढं करावं

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. आपला पेपर आमच्या गावात सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो आणि वाचकांच्या पत्रांचं पान मी रोज वाचते, पण स्वतः पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. विषय माझ्या लेकीचा आहे पण तिच्या एकटीचा नाही, म्हणून पेपरला लिहितेय.

नीटचा निकाल लागला की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच, एमबीबीएसला नंबर लागतो का, मग बीडीएस, मग बीएएमएस, बीएचएमएस, आणि कुठंच नाही जमलं तर शेवटी कुणीतरी म्हणतं जनावरांच्या डॉक्टरचं बघा. माझ्या थोरल्या लेकीनं ते सगळ्यात पहिलं बघितलं. बारावीच्या आधीपासून तिचं ठरलेलं होतं, नीट दिली ती ह्याच्यासाठीच दिली, आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा अर्ज तिनं स्वतः बसून भरला. हा अर्ज वेगळा असतो हेच आमच्या भागात कित्येक आईबापांना माहीत नसतं, मार्क असून पोरं राहून जातात, म्हणून मुद्दाम लिहिते. डिग्रीचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांची, साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिची आता इंटर्नशिप चालू आहे. उदगीरच्या कॉलेजात ती शिकली, ते कॉलेज १९८७ पासून आपल्या जिल्ह्यात आहे आणि तरी आमच्या गावातून तिथं शिकायला गेलेली ही पहिली मुलगी.

लोक विचारतात की पोरीला हे वेड लागलं कुठून. आमच्याकडे दोन म्हशी, एक देवणी गाय आणि चार-सहा उस्मानाबादी शेळ्या एवढंच. पण ही लहानपणापासून गोठ्यातच. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि आधी वासराजवळ जायचं, गोचीड काढत बसायची, कुत्र्याच्या कानात किडे पडले तर तंबाखूचं पाणी घालू नका म्हणून माणसांशी भांडायची. २०१६ चा दुष्काळ आपल्या वाचकांना सांगायला नको, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेच वर्ष. त्या उन्हाळ्यात हाळी हंडरगुळीच्या बाजारात माणसं दावणीची जनावरं मिळेल त्या भावानं विकत होती. आमच्या भावकीतली एक बैलजोडी अशीच गेली. ही तेव्हा सातवीत, दोन दिवस जेवली नाही. माणसाला टँकर आला, बैलाला का नाही आला, हा तिचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

पण तिचं खरं ठरलं ते शेळ्यांमुळं. एका पावसाळ्याच्या सुरवातीला, नवं गवत नुकतंच उगवलं होतं, गल्लीतल्या शेळ्या पटापट मेल्या. संध्याकाळी चांगली चरून आलेली शेळी सकाळी पाय झाडत मेलेली. कुणी म्हणालं विष घातलं, कुणी म्हणालं नजर लागली, एकानं तर शेजाऱ्याबरोबर भांडण काढलं. हिनं एक गोष्ट हेरली की ज्या मेल्या त्या मरतुकड्या नव्हत्या, सगळ्यात धडधाकट, सगळ्यात जास्त खाणाऱ्या होत्या. दवाखान्यातून पशुधन पर्यवेक्षक आले तेव्हा हिनं त्यांना तेच विचारलं. त्यांनी तिला ओट्यावर बसवून समजावलं की ह्याला आंत्रविषार म्हणतात, आतड्यात जे जंतू थोडे असतातच ते कोवळा चारा एकदम भरपूर मिळाला की वाढतात आणि विष तयार करतात, म्हणून जी जास्त खाते ती आधी मरते, आणि ह्याची लस आहे, ती पावसाळ्याच्या आधी टोचायची असते. लस आहे हे ऐकून ती गप्पच झाली. मग घरी येऊन म्हणाली, आई, म्हणजे ह्या सगळ्या वाचल्या असत्या. त्या साहेबांची बदली होऊन वर्षं झाली, त्यांना आठवतही नसेल, पण एका शाळकरी पोरीच्या प्रश्नाला त्यांनी मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं ह्याबद्दल मी त्यांचे ह्या पत्रातून आभार मानते.

आता शिक्षण म्हणजे काय असतं ते मला तिच्यामुळं कळलं. लोकांना वाटतं इंजेक्शन टोचणं आणि कृत्रिम रेतन, झालं. अहो माणसाचा डॉक्टर एक शरीर शिकतो, हिला गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कुत्रा, मांजर, कोंबडी सगळ्यांची वेगवेगळी शरीरं शिकावी लागली. गाईच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याचं पोट एकच, कोंबडीचं अजून तिसरंच. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, आपण ताप आला की घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला दिली तर मांजर मरू शकतं, हे मला तिनं सांगितलं तेव्हा खरंच वाटेना. आणि पेशंट काही बोलत नाही. कुठं दुखतंय हे कान बघून, नाकपुडी कोरडी आहे का बघून, रवंथ करतेय का, शेण कसं टाकलंय, डाव्या कुशीवर हात ठेवून पोट हलतंय का, ह्यावरून ओळखायचं. सुट्टीत घरी आली की ती आधी गोठ्यात जाते आणि नुसती उभी राहते, हात न लावता बघत राहते. मी एकदा विचारलं काय बघतेस एवढं, म्हणाली सरांनी सांगितलंय अर्धं निदान लांबूनच होतं.

गिधाडांची गोष्ट पण तिनंच आम्हाला सांगितली. आमच्या सासऱ्यांच्या काळी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, आता पोरांनी गिधाड फक्त पुस्तकात बघितलंय. जनावरांना दुखण्यावर देत होते ते डायक्लोफिनॅक, ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची किडनी जायची. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं, त्याच्याऐवजी मेलॉक्सिकॅम वापरतात. मला हे ऐकून अंगावर काटा आला, की गोठ्यात दिलेलं एक इंजेक्शन आभाळातल्या पक्ष्यापर्यंत जातं. आणि माझी लेक हे सगळं डोक्यात ठेवून सिरिंज भरते ह्याचा मला फार अभिमान वाटतो, तो लपवायचा कशाला.

२०२२ ला गाईंचा लम्पी रोग आला तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातमी आली आणि बघता बघता राज्यभर पसरला, बाजार बंद झाले, शर्यती बंद झाल्या. दसऱ्याला ती घरी आली तेव्हा आमच्या गावात गाईंच्या अंगावर गाठी दिसायला लागल्या होत्या, पाय सुजलेले, नाकातून पाणी, ताप. आणि माणसांत भीती एवढी की काही घरांनी गाईचं दूध ओतून टाकायला सुरवात केली, बाळांना दूध द्यायचं बंद केलं, आणि बाळं तर माझ्या अंगणवाडीची. ती तेव्हा डॉक्टर नव्हती, लस टोचायचा तिला अधिकार नव्हता आणि तिनं टोचलीही नाही. पण माझ्याबरोबर घरोघर फिरली आणि सांगत गेली. हा रोग माणसाला होत नाही, दूध नीट उकळून प्या. माशी, डास, गोचीड ह्यांच्यामुळं पसरतो म्हणून गोठा कोरडा ठेवा, आजारी गाय वेगळी बांधा, तिचं दावं-बादली दुसरीला वापरू नका. शेळीच्या देवीची लस गाईला का देतात असा लोकांना संशय होता, तो तिनं दूर केला, दोन्ही विषाणू एकाच कुटुंबातले आहेत म्हणून ती लस उपयोगी पडते हे तिनं खडूनं अंगणवाडीच्या फळ्यावर काढून दाखवलं. म्हातारी माणसं मान हलवत ऐकत होती. लसीकरणाचं पथक आलं तेव्हा आमच्या गल्लीत लसीवाचून एकही दावण राहिली नाही.

माझे सासरे तेव्हा हयात होते. त्यांनी बुळकांडी, गुरांचा तो जुना जीवघेणा साथीचा रोग, बघितलेली. म्हणायचे की एकदा गावात शिरली की गोठेच्या गोठे ओस पडायचे, नांगराला बैल राहायचे नाहीत. तिनं आजोबांना सांगितलं की बुळकांडी आता जगातच नाही, २०११ मध्ये ती संपली म्हणून जाहीर झालं, माणसाच्या देवीनंतर लसीनं मुळापासून संपवलेला हा दुसराच रोग. म्हातारबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, हे कुणी केलं? तर ती म्हणाली, आमच्याच लोकांनी, जनावरांच्या डॉक्टरांनी, गावोगाव फिरून. तेव्हापासून आजोबा आल्यागेल्याला नात काय शिकते ते स्वतःहून सांगायचे.

आता इंटर्नशिपमधली एक गोष्ट सांगते आणि मग मुद्द्यावर येते. तिची ड्युटी माझ्या माहेराच्या जवळच्या भागात लागली होती. एका वस्तीवर म्हैस अडली होती, दिवस भरलेले, सकाळपासून कळा देतेय आणि काहीच पुढं सरकत नाही. ही तिच्या वरिष्ठ डॉक्टरांबरोबर गेली, माझा भाऊ त्याच वस्तीवर राहतो म्हणून तो तिथं हजर होता. त्यानंच मला सगळं सांगितलं, लेक स्वतःहून असलं काही सांगत नाही. गाडीतून ही उतरली तर घरमालक म्हणाले, पोरीला कशाला आणलं, रगेल म्हैस आहे, लागेल तिला. डॉक्टरांनी सांगितलं की तपासणी हीच करेल. हिनं हात धुतला, खांद्यापर्यंतचा मोजा घातला, तपासलं आणि सांगितलं की गर्भाशयाला पीळ पडलाय. म्हशीत हे गाईपेक्षा जास्त बघायला मिळतं. आत वासरू असतं पण वाटच पिळलेली, मग ओढून काही होत नाही, ओढलं तर म्हैस जाते. ह्याला एक पद्धत आहे, ज्या बाजूला पीळ असेल त्या बाजूवर म्हैस झोपवायची, पुढचे पाय एकत्र आणि मागचे पाय एकत्र बांधायचे, पोटावर फळी ठेवून एका माणसानं ती दाबून धरायची आणि बाकीच्यांनी म्हैस त्याच बाजूला झटक्यात लोळवायची, म्हणजे आतलं वासरू जागेवर राहतं आणि म्हैस त्याच्याभोवती फिरते, पीळ सुटतो. फळी कुठून आणायची, तर मालकानं गोठ्याच्या दाराची फळीच काढून दिली. आठ माणसं हिच्या शब्दावर हलत होती, आता, थांबा, परत, आता. एकदा लोळवलं, तपासलं, नाही. परत लोळवलं. मग हात घातला तर वाट मोकळी. थोड्या वेळानं वगार, म्हणजे म्हशीचं मादी वासरू, जन्मली, जिवंत, नाकातोंडातला चिकटा काढून उलटी धरली तेव्हा तिनं श्वास घेतला.

माझा भाऊ फोनवर सांगताना रडत होता, मीही रडले. मला पोरगी झाली तेव्हा पहिलीच पोरगी म्हणून ज्यांनी तोंड वाकडं केलं होतं त्यात तोही होता, हे मी राग म्हणून लिहीत नाही, आता तोच गावभर तिचं कौतुक सांगत फिरतो आणि मला ते ऐकायला फार आवडतं.

तर मुद्दा असा आहे संपादक साहेब. मुली ह्या शिक्षणाला आता भरपूर येतायत. मद्रासच्या कॉलेजातून सक्कुबाई रामचंद्रन १९५२ साली पास झाल्या, त्या भारतातल्या पहिल्या महिला पशुवैद्यक. दूध उत्पादकांसाठी काम करणारी एवढी मोठी सरकारी संस्था, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, तिच्या अध्यक्ष अमृता पटेल होत्या, त्यांचं शिक्षणही जनावरांच्या डॉक्टरकीचंच. म्हणजे बाईला हे जमतं का हा प्रश्न कधीच निकालात निघालाय. पण ह्या मुली शिकून जिथं काम करायला येतात ती जागा त्यांच्यासाठी तयार आहे का? माझ्या लेकीनं तक्रार केलेली नाही, ती करणारही नाही, पण मी आई आहे आणि मी स्वतः सरकारी योजनेत गावपातळीवर काम करते, मला दिसतं.

पहिली गोष्ट खोड्याची. ज्या लोखंडी चौकटीत जनावर उभं करून तपासतात तो खोडा. मी तिच्याबरोबर एका दवाखान्यात गेले होते, नाव लिहीत नाही, तिथला खोडा गंजून एक बाजू तुटलेली, दुसऱ्या बाजूला दोरीनं बांधलेलं. त्यात रगेल बैल उभा करायचा आणि मागं उभं राहून तपासायचं, लाथ बसली तर बरगडी जाते. खोडा नीट असला तर पन्नास किलोची मुलगी सहाशे किलोचं जनावर सुरक्षित तपासू शकते, त्याला ताकद नाही लागत, साधन लागतं. म्हशीला आवरायला माणूस पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या दवाखान्यातला खोडा बघून यावा.

दुसरी गोष्ट संडास. लिहायला लाज वाटायचं कारण नाही. त्याच दवाखान्यात बाईमाणसासाठी संडास नाही, पाणी नाही. सकाळी आठला गेलेली मुलगी दुपारपर्यंत पाणी पीत नाही कारण जायचं कुठं. लातूरच्या उन्हाळ्यात. आमच्या अंगणवाड्यांना संडास व्हावेत म्हणून आम्ही सेविकांनी किती वर्षं मागणी केली तेव्हा कुठं काही ठिकाणी झाले, तेच आता ह्या मुलींसाठी करायला पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती शेतकऱ्यांच्या हातात आहे. गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधीच वासरू पडलं, किंवा व्याल्यावर पडायची वार आत अडकली की लोक डॉक्टरला बोलावतात आणि स्वतः उघड्या हातानं वार ओढत बसतात, गाभडलेलं वासरू कुत्र्याला टाकतात. ह्यात ब्रुसेला नावाचा जंतू असू शकतो, सांसर्गिक गर्भपात म्हणतात त्या रोगाचा. तो माणसाला होतो. ताप चढतो उतरतो, सांधे दुखतात, महिनोन्महिने जात नाही, आणि कच्च्या दुधातूनही येतो. जनावरांच्या डॉक्टरांना हा रोग होण्याचा धोका फार जास्त, कारण त्यांचा हात रोजच आत असतो. माझी झोप उडते ती लाथेनं नाही, ह्या रोगानं. ह्याच्यावर उपाय आहे, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना आयुष्यात एकदा लस द्यायची, बास, तीही सरकारकडून मोफत असते. तुम्ही तुमच्या वगारीला ती लस दिली तर तुमच्या घरची बाई जी धार काढते ती वाचते आणि माझी लेकही वाचते. गाभडलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि दवाखान्यांना लांब मोजे, साबण, गमबूट हे वेळेवर मिळालं पाहिजे, इंटर्नच्या मुलींनी ते आपल्या पैशानं विकत आणायची वेळ येऊ नये.

पिसाळलेल्या कुत्र्याचंही तेच. ह्या मुलांना कामाला लावायच्या आधीच रेबीजची लस घ्यावी लागते, म्हशीला कुत्रं चावलंय हे मालक सांगत नाही, खायचं बंद झालं, लाळ गळतेय म्हणून घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालायला लावतो. कृपा करून कुत्रं चावलं असेल तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

आणि जागा भरा. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ सालीच म्हटलं होतं की पाच हजार जनावरांमागे एक डॉक्टर पाहिजे. आपल्या राज्यात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे तीन कोटी तीस लाखाच्या आसपास पशुधन आहे. आमच्या भागात एकेका डॉक्टरकडे दोन-दोन दवाखान्यांचा चार्ज असतो, डॉक्टर आज इथं उद्या तिथं, आणि जनावर काय वार बघून आजारी पडत नाही. १९६२ नंबरवर फोन केला की फिरतं पथक येतं ही चांगली सोय झाली, लोकांनी वापरावी, पण त्यानं दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीचं काम होत नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारनं पशुपालनाला शेतीसारखा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, त्याचं मनापासून स्वागत, त्याच जोरात ह्या जागाही भराव्यात.

माझ्या लेकीला पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकमध्ये काम करायची संधी आहे, तिच्या मैत्रिणी जातायत, तेही चांगलंच काम, तिथल्या जनावरांनाही डॉक्टर लागतोच. पण हिला एमपीएससीची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी व्हायचंय आणि आपल्याच भागात, देवणी आणि लाल कंधारी गाईंच्या भागात काम करायचंय. पाहुणे म्हणतात लग्नाचं बघा, शेणामुतात हात घालणारी पोरगी कोण करून घेणार. मी त्यांना सांगते की तुमच्या घरात सकाळी जो चहा होतो त्यातलं दूध शेणामुतात हात घातल्याशिवाय येत नाही, ते हात आजपर्यंत बायांचेच होते, फक्त त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नव्हतं. माझी सासू, मी, आम्ही जन्मभर गोठा केला. कोणती म्हैस कधी माजावर येते, कोणतीची कास दगडासारखी झाली, हे आम्हालाच आधी कळायचं, पण डॉक्टर आले की बोलायचे घरातले पुरुष. आता गावातल्या बाया माझ्या लेकीला सरळ फोन करतात, कासेतून दुधात गाठी येतायत काय करू, आणि ती विचारते किती दिवस झाले, चारही सडातून येतात की एकाच, आणि मग जवळच्या दवाखान्यात पाठवते. बाईनं बाईला सांगितलेलं जनावराचं दुखणं लवकर कळतं हे मी डोळ्यानं बघतेय.

लहान बाळाचं लसीकरणाचं कार्ड मी अंगणवाडीत जपते तसं आता जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, त्या नंबरावर कोणती लस कधी दिली ते सगळं ऑनलाइन नोंदवता येतं. आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर बाळांच्या लसीचा तक्ता आहे. त्याच्या शेजारी मी लेकीकडून लिहून घेऊन जनावरांचा तक्ता लावलाय, पावसाळ्याच्या आधी घटसर्प, फऱ्या आणि शेळ्यांना आंत्रविषार, लाळ-खुरकूत वर्षातून दोनदा, वगारींना ब्रुसेला एकदा. आया बाळाला घेऊन येतात तेव्हा तो पण वाचतात.

येत्या ग्रामसभेसाठी मी लेखी अर्ज दिलाय, दवाखान्याला नवा खोडा आणि कुलूप लागणारा, पाणी असलेला संडास, एवढे दोनच विषय. खोड्याला लागणारा लोखंडी पाईप द्यायला माझे दीर तयार आहेत, वेल्डिंग करून द्यायला गावातला मुलगा तयार आहे, जागेची आणि परवानगीची सही तेवढी पाहिजे. ज्या गावांत असा दवाखाना आहे तिथल्या वाचकांनीही, आणि खास करून माझ्या अंगणवाडीतल्या मैत्रिणींनी, आपापल्या ग्रामसभेत हे दोन विषय घ्यावेत ही विनंती.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका आणि पालक
जि. लातूर